चांदीचे तीन वेढे

लाडक्या धाकटीला पोटभर आशीर्वाद,

आधी सोनारीण आली, मग कातर घेऊन सोनार. सुनेनं बोलावलेले. इथे लेकाकडे माझं सगळं छान आहे, फक्त आईची चांदीची अंगठी सुजलेल्या बोटात रुतलीय. तू घाबरू नकोस.

सोनार म्हणाला, "आजी, कापायला नको, तारेचीच आहे. उलगडून सैल करतो. पण तिनाचे दोन वेढे होतील."

असा वैताग आला म्हणून सांगू! आईनं दर लेकीच्या जन्माला या अंगठीचा एक वेढा वाढवला. ताईचा, माझा, तुझा. त्यातला घालवू कुठला?

त्यात लेक म्हणतो, "आता उरलात दोघीच ना!" जीभ बघ मेल्याची! मी म्हटलं, "ताई मोजायची नाही, तर मी मधली कशी राहीन रे?"

माझी कानातली चांदीची फुलं सोनाराला दिली. म्हटलं, वितळव, तार वाढव, वेढे तीनच हवेत.

तुझे गुडघे कसे आहेत? शेकतेस ना?

अंगठी अजून बोटातच आहे, बोट ठणकतंय नुसतं. सोनार-सोनारीण वाढवलेली तार घेऊन गुरुवारी नक्की येतो म्हणालेत.

तुझी मधली