न बोलावता येण्याचा सण

प्रिय रेल्या,

कोबीचे गड्डे पिंपात खारवायला घातलेत. झाकण काही बसत नाही, वर दगड ठेवलाय. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. तादियाबरोबर राहायला लागल्यापासून गोळीशिवाय झोप लागते, असं तू फोनवर म्हणालास, आणि मी फोन ठेवून रडले. आनंदानं रडले, घाबरू नकोस. तुझं एका मुलावर, तादियावर, प्रेम आहे हे तू आम्हाला सांगितलंस, बाबांनी तोंड फिरवलं आणि तू वाळत गेलास. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर होता रे.

दोन वर्षं तू स्लावाला, आपल्या घराच्या संताच्या सणाला, आला नाहीस. तुझं एकच, "बाबांनी दोघांना बोलावलं तर येऊ." त्यांचं एकच, "स्लावाला कोणी बोलावतं का? ज्याला यायचं तो येतो. माझ्या बापानं कधी कुणाला बोलावलं नाही." हट्टी बापाचा हट्टी लेक! रीत आहे खरी, पण तिच्याआड लपायची सोयही बरी आहे, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. मग आठवडाभर अबोला.

परवा त्यांचा चुलतभाऊ रादोमिर आला होता. राकिया पिता पिता म्हणतो, "मिलुतिन, तुझ्यामागं या घरात स्लावाची मेणबत्ती कोण लावणार? ते दोघे नवरदेव?" आणि खो खो हसला. बाबांनी शांतपणे बाटलीला बूच लावलं. "हो, तेच दोघे लावतील," म्हणाले. "तेव्हा आलास तर तोंड सांभाळून ये." रादोमिर ग्लास अर्धा टाकून गेला.

संध्याकाळी ते कागद घेऊन मेजाशी बसले. बराच वेळ बसले. शेवटी कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तू लिही, माझं अक्षर वाईट आहे." मी हसले नाही. मग त्यांनी विचारलं, "त्या मुलाचं नाव काय?" मी सांगितलं. त्यांनी ते हळूच एकदा म्हणून पाहिलं, तादिया. "त्याचंही नाव घाल. मिलुतिन बोलावतोय, असं लिही." आपल्या घरातून स्लावाला आजवर कुणालाच बोलावणं गेलेलं नाही. हे पहिलं. रेल्या, तादिया, आठ नोव्हेंबरला घरी या.

तुम्हा दोघांचीच,
आई