ब्रेकच्या मालावरचा शिक्का

तीर्थस्वरूप अण्णा,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. हे पत्र टाकायला पत्ता नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून डायरेक्टर म्हणून निवृत्त झालात आणि इथे पडाव भागात मुलींसाठी हे प्रशिक्षण केंद्र काढलंत. प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी तुम्ही सांगायचात, "मी एकदा न मोजताच ब्रेकच्या मालावर पासचा शिक्का मारला. सगळा माल बाजारातून परत आणावा लागला." मी मागे मान खाली घालून उभा असायचो.

आज ती गोष्ट सांगायची पाळी माझी होती. तोंडातून तुमचं नाव निघेचना. शेवटी म्हणालो, "शिक्का मी मारला होता. शहरातल्या मेळ्याचा शेवटचा दिवस होता, मला तिकडे जायची घाई होती. दोष मोठ्या भावानं स्वतःवर घेतला. त्याची बढती पाच वर्षं अडली."

मग हर्षिता नावाच्या मुलीनं विचारलं, "फिर आपको निकाला क्यों नहीं?"

"इथे शिकवायला बसवलं ना!"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, अण्णा, किती वर्षांनी!

तिनं एक भाग आणि मायक्रोमीटर माझ्यापुढे सरकवला. "काका, आता तुम्ही मोजा. मी बघते."

मी मोजलं. माप बरोबर आलं. तरी तिनं स्वतः पुन्हा मोजलं, आणि मगच शिक्का उचलला.

तुमचा धाकटा,
रमाकांत