डाव्या बाजूची सीट

६ सप्टेंबर २००८, शनिवार

पुन्हा कप फोडला! तिसरा. मी यांच्या डाव्या हाताला चहा ठेवते आणि हे कोपर मारतात. "डोळे कुठं ठेवून आलात, जगन्नाथराव?" म्हटलं. एरवी एकाला दोन शब्द परत येतात. आज यांनीच फरशी पुसली नि शेडवर गेले.

शेड वॉल्टरबाबाची. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, जुन्या मोटारी नव्या करतो. म्हणजे करतात आमचे हे, तो बघतो. यांनी सांगलीच्या एस.टी. वर्कशॉपात बावीस वर्षं काढली, इथं अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात येऊन सात झाली, पण चेहऱ्यावर तेज आलं ते यंदाच. कारण ती लाल गाडी. १९०७ ची. शंभर वर्षांपूर्वी इथल्याच डोंगरातल्या रस्त्यावर मोटारींची शर्यत झाली, तेव्हा वॉल्टरबाबाचा आजा तिच्यात होता. आता शंभरी म्हणून चार ऑक्टोबरला तसल्या आठ गाड्या त्याच रस्त्यावर पळणार. आणि लाल गाडी चालवणार आमचे हे! स्टिअरिंग उजवीकडे, गिअरचा दांडा बाहेर — इथल्या माणसांचे हातच वळत नाहीत. यांचं नाव गाडीच्या अंगावर रंगवलंय.

९ सप्टेंबर

गाडीत दुसरा माणूस लागतोच म्हणे. तेव्हाही असायचा. त्यानं डावीकडे बसायचं, तेल बघायचं, हातपंपानं पेट्रोलच्या टाकीत हवा भरायची. दाब नसला तर पेट्रोल पुढं सरकत नाही. अगदी आपला पितळी स्टोव्ह!

डबा द्यायला गेले तर शेडमधली माणसं धसाधसा पंप मारत होती. बघवेना. "सरका," म्हटलं नि सावकाश चार दाब दिले. काटा बरोबर जागेवर. वॉल्टरबाबा ओरडला, "गुड हँड्स, शॅरू!" अरे बाबा, तीस वर्षं रॉकेलच्या स्टोव्हवर भाकऱ्या केल्यात. यांनी तिथंच सांगून टाकलं — डावीकडे शरयूच बसणार. मला विचारलं? नाही!

११ सप्टेंबर

निधीला सांगितलं तर पोरगी हसून लोळली. "आई, यू आर सो कूल!" कूल कसली. पण बायकोला शेजारी बसवून नेतायत, हे बरं वाटलं. इथं लिहिते. तोंडानं सांगणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार



सरावाला गेलो होतो. डाव्या गल्लीतून आमिश लोकांची, त्या मोटार न वापरणाऱ्या पंथाची, घोडागाडी आली. आत बाई नि दोन लेकरं. मला केव्हाची दिसत होती. हे ब्रेकला हातच घालेनात! मी "घोडा! अहो घोडा!" म्हणून बाही ओढली तेव्हा थांबली गाडी. घोड्याचा श्वास माझ्या तोंडावर. ती बाई नुसती बघत राहिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

"ऊन डोळ्यावर होतं," म्हणाले. ऊन पाठीमागं होतं.

घरी आल्यावर यांचा उजवा डोळा झाकला नि समोर हात धरला. "किती बोटं?"

"दोन."

माझी मूठ होती.

जूनपासून पडदा आलाय. डॉक्टरला दाखवलं तर लायसन्स जाईल म्हणून गप्प. मग कळलं मला डावीकडे का बसवलं. बायको कसली, डोळा पाहिजे होता यांना! "तू आहेस ना त्या बाजूला," म्हणाले. माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ, चार तारखेपर्यंत कुणाजवळ बोललीस तर."

१५ सप्टेंबर

बोलले नाही. जेवलेही नाही.

२१ सप्टेंबर

आज बारा मैल. मी सगळी वाट ओरडत होते — झाड! टपालाचा डबा! कुत्रं! हे एकदाही चुकले नाहीत. हसत होते. लग्नातल्यासारखे दिसत होते. "बघ, जमतंय!"

जमतंय, त्याचीच भीती वाटते.

२७ सप्टेंबर

वॉल्टरबाबानं रस्ता दाखवला. चर्चच्या वळणावर शाळेची मुलं झेंडे घेऊन उभी राहणार. डाव्या बाजूला! मध्ये काय? दोरी. नुसती दोरी! शंभर वर्षांपूर्वी तशीच होती म्हणे. निधी म्हणते, "मी तिथंच थांबणार, बाबांचा बेस्ट फोटो तिथून येईल."

घरी आले नि यांच्यावर तुटून पडले. "तुमच्या गळ्यापायी पोरांचे गळे? आपली पोरगी आहे तिथं!"

"तू सांगशील ना बरोबर."

"आणि मला शिंक आली तर?"

 मग म्हणाले, "सात वर्षं या गावात मला कुणी नावानं ओळखलं नाही, शरे. एकदा. एकदाच चालवू दे."



३ ऑक्टोबर

शपथ बोलायची नाही एवढीच आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

आमचा नंबर पाचवा. मी पंप मारला, काटा जागेवर आणला. वॉल्टरबाबाचा पुतण्या हँडल मारायला पुढं गेला. बँड वाजत होता. टाकीला चावी आहे — स्टोव्ह विझवताना हवा सोडतो ना, तसलीच. दोन सीटांच्या मध्ये. पदर असता तर झाकलं असतं, अंगात तो जाड कोट. हातमोजा काढला नि चावी फिरवली. फुस्स! माझाच जीव गेला. काटा खाली.

गाडी सुरू झाली, धडाडली, लोक ओरडले. नळीत होतं तेवढ्या पेट्रोलवर दीडशे पावलं गेली. वळणाच्या कितीतरी अलीकडे खोकली नि मेली.

"पंप मार!"

मारला. चावी उघडी, हवा कुठली राहणार!

चौघांनी ढकलून कडेला घेतली. मागच्या तीन गाड्या शेजारून गेल्या. वॉल्टरबाबा टोपी हातात घेऊन उभा. निधी वळणावरून पळत आली — "बाबा, इट्स ओके, इट्स ओके!" यांनी गॉगल काढला नाही. टाकीकडे एकदा वळून बघितलं. हात लावला नाही. लोक टाळ्या वाजवत होते, पडलेल्या पोरासाठी वाजवतात तशा.

गर्दी पांगल्यावर मी चावी बंद केली. शपथ मोडली नाही. बाकी काय मोडलं ते मला माहीत.

५ ऑक्टोबर

वॉल्टरबाबाचा फोन. पंपाचा चामडी वॉशर वाळला असेल, कुणाची चूक नाही, म्हणाला. हे म्हणाले, "येस. वॉशर."

वॉशर चांगला होता. शुक्रवारी मीच तेल पाजलं होतं, यांच्यासमोर.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज चहा उजव्या हाताला ठेवला. यांनी कप उचलला, घोट घेतला.

"डोळा गेलाय, शरे. कान नाही. हवा सोडलीस ते ऐकलं मी."

माझे हात कणकेतच राहिले.

"चावी माझ्याही हाताशी होती. फिरवली नाही मी," म्हणाले. "निधीला फोन लाव. डॉक्टरची वेळ घे म्हणावं."