पडती पापणी

१४ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. नवा आरसा बसवायचाय म्हणून सलून जरा बंद ठेवलंय. तुझी वहिनी म्हणते, आयतं निमित्त बरं सापडलं.

तू विचारलंस, "दादा, उपचाराच्या कागदावर सही करू का?" मी उत्तराला बगल देत आलोय. आधी उपचार ऐक. आपल्या रक्तातले पहारेकरी पिसाळलेत, चोर सोडून घरच्यांनाच चावतात. म्हणून माझी पापणी पडते, तुझा घास अडकतो. त्यांना आवरणाऱ्या पेशीही प्रत्येकात असतात, आपल्या दोघांत मात्र दुबळ्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्या रक्तातून त्या वेगळ्या काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि सलाइनमधून परत दिल्या. आपण भांडताना आई नुसती दारात येऊन उभी राहायची आणि आपण गार, तसंच. मी म्हटलंही, "बाई, आमची आई पिशवीत भरून आणलीत की!" त्या खूप हसल्या.

उन्हाळाभर पापणी ताठ होती. ते खोटं नाही.

परवा मास्तरांची दाढी करत होतो. वस्तरा गळ्याशी, आणि एका मास्तरांचे दोन मास्तर झाले. वस्तरा पटकन बाजूला घेतला. मास्तर म्हणाले, "काय रे, डोळा मारतोस काय?" मी हसलो, हात धुतो म्हणून मागे गेलो आणि मोरीपाशी बसून रडलो. आरसाबिरसा काही नाही, चिमणे. वस्तरा हातात घ्यायची भीती वाटते.

त्याहून जास्त भीती तुझी वाटते. बाईंनी बजावलंय, "पुन्हा त्रास झाला तर लगेच सांगा. कारण सापडेपर्यंत हा उपचार पुढच्या कुणाला देणार नाही." पुढची तू आहेस. आणि तू लिहितेस, हल्ली पाण्याचाही ठसका लागतो. मी बोललो तर तुझा उपचार लांबणार. गप्प बसलो तर तुझ्या अंगात काय जाईल, देव जाणे. म्हणून घरातही काळा चष्मा लावून हिंडतोय. वहिनीला वाटतं, म्हातारचळ लागला.

आज दुपारी तपासणी आहे. चष्मा घरी ठेवून जातोय. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण सावकाश जेव, आणि एकटी जेवू नकोस गं.

अक्षर वाकडं आलंय. एका हाताने पापणी उचलून धरलीय.

तुझा घाबरलेला
दादा