अब्रूचे साक्षीदार

३ फेब्रुवारी, सोमवार
बागायतदारांच्या ग्रुपवर तुषारचा मेसेज: ‘जतीनभाईंच्या खोक्यात वर मोठे चिकू, खाली लिंबाएवढे. उलटा करून बघा, मगच घ्या.’ अठ्ठावन्न जणांनी वाचला. सोडणार नाही. केस ठोकणार. चारचौघांत माफी मागायला लावणार. मोठे वर लावणं याला मांडणी म्हणतात, पण गाढवाला गुळाची चव काय!

४ फेब्रुवारी
शब्दकोश काढला. बदनामी: फारच फिल्मी. निंदा: ती संतांची होते. नाचक्की: यात चूक आपलीच असल्याचा वास येतो. बेअब्रू: चंद्रिका म्हणाली, हाच तुम्हाला शोभतो. बायकोला भाषेतलं काय कळतं. मानहानी ठरवला. वजनदार आहे. उद्यापासून पहाटे उठून कायदा वाचणार.

५ फेब्रुवारी, सकाळी १०
आत्ता जाग आली.

दुपारी ४
डहाणू रोडला रुचिका वकिलांकडे जाऊन आलो. वय तिशीच्या आत, तोरा मात्र हायकोर्टाचा. म्हणाल्या, मानहानी म्हणजे लोकांच्या नजरेतून तुम्ही उतरायला हवं. आधी तुमच्याबद्दल मत चांगलं होतं, मेसेज वाचून बिघडलं, असं सांगणारे दोन साक्षीदार आणा. दोनच? म्हटलं, टेम्पो भरून आणतो.

८ फेब्रुवारी
बाजार पालथा घातला. सतरा जणांनी मेसेज पाहिलाच नव्हता. मी दाखवला. सगळे हसले. हे पाप तुषारच्याच खात्यावर. व्यापारी उमेश म्हणाला, त्याला काही फरक पडला नाही, तो पाच वर्षं माझे खोके उलटे करूनच घेतो. मेला संशयी.

११ फेब्रुवारी
टेम्पो रद्द. एकच साक्षीदार, पण अस्सल. बुधीबाई. वीस वर्षं माझे चिकू निवडते, खोके भरते. खाल्ल्या मिठाला जागणारी. बाकीच्या डहाणूला माणसाची पारखच नाही.

१२ फेब्रुवारी
वकिलांनी बुधीबाईला विचारलं, मेसेजनंतर शेठबद्दलचं मत बदललं का. बुधीबाई म्हणाली, “नाय बाय. शेठ आधी होता तसाच हाय. खाली बारके मीच भरते ना, तो सांगतो तसे.”

वकिलांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तुमच्याबद्दल चांगलं मत असलेला एक तरी माणूस सांगा.

पुष्कळ विचार केला. शेवटी माझंच नाव दिलं.

ते चालत नाही म्हणे.