गच्चीवरून उकळता सूर्य

१ फेब्रुवारी २००१, गुरुवार
पंधरा दिवसांची रजा मंजूर. साहेबांनी कारण विचारलं. "संशोधन" म्हणालो. हसले. हसोत.
विषय: सूर्याच्या पृष्ठभागावरचे दाणे. तापलेला वायू खालून वर येतो, निवतो, कडेने बुडतो. भात रटरटतो तसं. एकेक दाणा हजार किलोमीटरचा, आयुष्य दहा मिनिटं. विरारमधून यावर कोणीच काम केलेलं नाही.
संकल्प: रोज सकाळी साडेआठला गच्चीवर. पुस्तकात तीच वेळ उत्तम म्हटलीय.

२ फेब्रुवारी, दुपारी १.१०
उठायला उशीर. थंडी होती. तसंही दुपारी ऊन जास्त, म्हणजे दिसणारही जास्त.
बायकोने, विनिताने, गच्चीवर सुकेळी करायला केळी वाळत घातलीत. वर जाताच आहात तर कावळे हाका, म्हणाली. संशोधकाला हे काम!
अडीच इंची दुर्बिणीतून कागदावर सूर्य पाडला. काय सांगू, उकळत होता! अंगावर काटा आला.

५ फेब्रुवारी
चाळीस चित्रं झाली. सकाळचा गजर कायमचा बंद. दाणा दहा मिनिटं नव्हे, जेमतेम एक सेकंद टिकतो. पुस्तक चुकलंय. लेखकाला कळवायला हवं.
कावळ्यांनी सात केळी पळवली. विनिता बोलत नाही.

८ फेब्रुवारी
ज्ञानदा म्हणाली, बाबा, दुर्बीण समोरच्या पाण्याच्या टाकीकडे वळवून बघा, तीही हलते का. दहावीचा अभ्यास कर म्हटलं. शंका काढायची खोड आजोबांची. म्हणजे माझे सासरे, गास गावचे विद्याधर मास्तर. जन्मभर विज्ञान शिकवलं. लग्नापासून मला एकच म्हणतात, "जावईबापू, बोलता छान." एकदा "करता छान" म्हणावं, एवढंच हवंय मला.
रविवारी त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक. सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लावली.

११ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ३
वीस माणसं. सूर्य उकळला. टाळ्या. मास्तर कागदाकडे बघत राहिले, मग कठड्यावर हात ठेवला आणि चटका बसून काढला. तळमजल्यावरच्या फ्रेडरिकने विचारलं, काय मास्तर, खरं ना? मास्तर म्हणाले, "जावयाने मेहनत केलीय." मग जिन्यात मला एकट्याला, हळूच: "एकदा सकाळी बघा. गच्ची तापायच्या आत."
जळतात.

१२ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
गच्ची गार. सूर्य कागदावर गोल, स्वच्छ, दोन डाग. काहीही हलत नाही. दाणा एकही नाही.

दुपारी १.१५
सूर्य उकळतोय. टाकी बघितली. टाकीही उकळतेय.
म्हणजे चाळीस चित्रं आमच्या गच्चीवरच्या गरम हवेची. मास्तरांना हे काल वीस माणसांसमोर कळलं होतं. फार लाज वाटली.

१५ फेब्रुवारी
रजा संपली. सुकेळी मात्र छान झालीत. डबा घेऊन गासला निघालोय. मास्तरांशी काय बोलायचं, सुचत नाही.