लाल गोळ्यांतली निळी

मंगळवार संध्याकाळ, माणगाव

औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या सरकत्या पट्ट्यावर आज चुकीची गोळी पकडायला नवा कृष्णधवल कॅमेरा बसला. जुना ओळीओळीने चित्र घ्यायचा, धावत्या गोळ्या तिरक्या दिसायच्या. हा सगळं चित्र एकाच क्षणी टिपतो. पळती गोळी बशीत ठेवल्यासारखी शांत! मंजुरीची सही माझी. करणारच होते.

मग उगाच, गंमत म्हणून, रक्तदाबाच्या लाल गोळ्यांत त्याच मापाची झोपेची निळी टाकली. कॅमेऱ्याने ती खुशाल जाऊ दिली. पडद्यावर दोन्ही सारख्याच करड्या.

मशीनवरची प्रमिला हसली, "मॅडम, हा म्हंजे आमचे सासरे. त्यांनाबी सिग्नलचा लाल-हिरवा कळत न्हाय."

मला हसू येईना. ती गोळी कुणाच्या तरी घरी गेली असती. कपाटात जयंतीच्या सजावटीतला निळा जिलेटीन कागद होता, तो दिव्यावर धरला. लाल काळी पडली, निळी उजळली!

साहेब म्हणाले, "झालं की मग. निळा दिवा लावू. करा सही."

केली नाही. लाल गोळ्यांत चुकून पिवळी आली तर? निळ्या उजेडात तीही काळीच दिसेल ना, लालसारखी? की मी उगाच शंका काढतेय? उद्या आधी पिवळी टाकून बघणार. साहेब रागावले तर रागावू देत.